आकाशाची ग्वाही



२ एप्रिल २०२२ हा दिवस तुम्हांला आठवतो का? तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा लहान असतील. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी घरोघरी गुढ्या उभारल्या गेल्या. त्याच दिवशी संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. गच्चीवर, अंगणात, मशिदीच्या आवारात लोक पश्चिमेकडे डोळे लावून उभे होते. चाँद दिसला, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली आणि लोक तरावीहच्या तयारीला लागले. इतक्यात, पावणेआठच्या सुमारास, विदर्भाच्या आकाशात एक विलक्षण दृश्य दिसले. आगीची एक लांबलचक रेघ हळूहळू सरकत होती. तिच्यात अनेक तेजस्वी ठिपके होते आणि ते सगळे एकाच दिशेने, एकमेकांच्या मागोमाग चालले होते.

मग काय विचारता! कोणी म्हणाले, उल्का पडली. कोणी म्हणाले, धूमकेतू आला. कोणी विमान कोसळल्याचे सांगितले, तर कोणी क्षेपणास्त्र. काही वेळाने खरी बातमी आली. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, धातूचे एक भलेमोठे कडे पडले होते. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. त्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ती उल्का नव्हती आणि धूमकेतू तर नव्हताच. चीनने २०२१ साली सोडलेल्या एका अग्निबाणाचा जळून तुटलेला भाग तो असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले.

आता थोडा विचार करा. एकाच संध्याकाळी आकाशाच्या दोन खबरा आपल्यापर्यंत आल्या. पहिली खबर चाँदची. ती आली की घरातली वडीलधारी माणसे लगेच विचारतात, "कोणी पाहिला? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला का? कुठून पाहिला? आणखी कोणी पाहिला?" समाधानकारक उत्तरे मिळाली तरच ती ग्वाही मानली जाते. दुसरी खबर त्या आगीच्या रेघेची. तिच्याबाबत मात्र कोणी कोणाला काहीच विचारले नाही. जो जे बोलला, ते दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले. असे का व्हावे? चाँदच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, तीच आकाशातल्या प्रत्येक गोष्टीच्या बाबतीत घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. उर्दूतली 'गवाही' आणि मराठीतली 'ग्वाही' हा एकच शब्द आहे. विज्ञानाचे कामही ग्वाहीवरच चालते.

पण ग्वाही द्यायची तर आपण काय पाहिले हे आधी ओळखता आले पाहिजे. म्हणून सूर्याच्या कुटुंबातल्या या लहान सभासदांची थोडी ओळख करून घेऊ.

सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. ग्रह तयार झाले तेव्हा बरेचसे दगड, धातू आणि बर्फ उरले. घर बांधून झाले की अंगणात विटांचे तुकडे उरतात ना, तसेच हे. त्यांतल्या दगडधातूच्या तुकड्यांना 'लघुग्रह' म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यांना 'सय्यारचा' म्हणता. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधल्या पट्ट्यात फिरतात. पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मो शहरातून पियाझ्झी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने शोधला. त्याचे नाव सेरेस. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. २००६ सालापासून त्याची गणना 'बटुग्रह' म्हणून होते. आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झाली आहे.

'धूमकेतू' म्हणजे उर्दूतला 'दुमदार सितारा'. पण तो सितारा मुळीच नाही. तो बर्फ आणि धूळ यांचा गोळा असतो. सूर्याजवळ आला की उष्णतेने बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळही बाहेर पडते आणि त्याला लांब शेपटी फुटते. ही शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते.

'उल्का' म्हणजे 'शहाब-ए-साकिब'. आपण 'तारा तुटला' असे म्हणतो, पण तारा कधी तुटत नाही. अवकाशातले वाळूच्या कणाएवढे किंवा खड्याएवढे तुकडे प्रचंड वेगाने हवेत शिरतात आणि जळून जातात. त्या प्रकाशाच्या रेघेला उल्का म्हणतात. एखादा तुकडा मोठा असेल तर तो पुरता जळत नाही आणि जमिनीवर येऊन पडतो. त्याला 'अशनी' म्हणतात.

आता त्या संध्याकाळच्या रेघेकडे परत येऊ. ती उल्का नाही हे जाणकारांनी कसे ओळखले? उत्तर सोपे आहे. उल्का एका सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने हवेत शिरते. बहुतेक उल्का याहून कितीतरी वेगवान असतात. त्यामुळे 'पाहा, पाहा' म्हणेपर्यंत ती विझून जाते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अग्निबाणाचा किंवा उपग्रहाचा तुकडा मात्र सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. तो बराच वेळ दिसत राहतो आणि त्याचे तुकडे रांगेने चालतात. म्हणजे त्या संध्याकाळी ज्याने मनातल्या मनात एक, दोन, तीन असे आकडे मोजले असतील, त्याच्याजवळ खरी माहिती होती. 'मी वीसपर्यंत मोजले, तरी ती दिसत होती' हे एक वाक्य शंभर अफवांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

चांगल्या ग्वाहीचे काय मोल असते याची दोन उदाहरणे आपल्या विदर्भातच आहेत.

पहिले उदाहरण काटोलचे. नागपूर जिल्ह्यातले हे गाव संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी तिथे मोठे आवाज झाले आणि आकाशातून दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे लोक तिथे गेले आणि दगड गोळा करण्यात आले. अशनी ज्या गावाजवळ पडतो त्या गावाचे नाव त्याला देतात. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वह्यांत आता 'काटोल' हे नाव आहे. पुढे खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडाचा बारकाईने अभ्यास केला. त्यात त्यांना ब्रिजमनाइट नावाचे खनिज आढळले. २०२१ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. हे खनिज आपल्या पृथ्वीच्या पोटात, सुमारे ६६० किलोमीटरहून अधिक खोलीवर विपुल आहे, पण तिथे जाऊन ते आणणे कोणालाही शक्य नाही. अवकाशात दोन लघुग्रहांची टक्कर झाली, तेव्हाच्या प्रचंड दाबाने ते त्या दगडात तयार झाले. म्हणजे संत्र्याच्या मुलखात पडलेल्या एका दगडाने आपल्याच जमिनीखालची गोष्ट आपल्याला सांगितली! ते सगळे दगड कोणी पेटीत लपवून ठेवले असते तर?

दुसरे उदाहरण लोणारचे. यवतमाळ जिल्ह्याला लागून वाशीम जिल्हा आहे आणि वाशीमला लागून बुलडाणा. त्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे गोल सरोवर आहे. ज्या खळग्यात ते आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख आला आहे. काच आणि साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ तिथे मिळतात, असे त्याने नोंदवले आहे. पण हा खळगा पडला कसा? आपला वऱ्हाडातला काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेला आहे. म्हणून लोणारसुद्धा ज्वालामुखीचेच तोंड असावे, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. १९७०नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी तिथे खोल भोके पाडून दगड बाहेर काढले. त्या दगडांत अतिप्रचंड आघातानेच होणारे बदल दिसले. ज्वालामुखीत असे बदल होत नाहीत. तेव्हा खात्री पटली की आकाशातून आलेल्या एका मोठ्या अशनीच्या आघाताने हा खळगा पडला.

लोणारचा आघात पाहून त्याची हकीकत लिहून ठेवणारा कोणी नव्हता. तिथे दगडांनीच ग्वाही दिली. पण त्यांची ग्वाहीसुद्धा तपासून घ्यावी लागते. एका पद्धतीने मोजले तर हा खळगा सुमारे ५० हजार वर्षांचा निघतो. दुसऱ्या पद्धतीने २०११ साली मोजले तेव्हा तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचा निघाला. एवढा फरक! म्हणून शास्त्रज्ञ भांडत बसले नाहीत की घाईने निकालही दिला नाही. पुरावा वाढेल तसे मत बदलायला तयार असणे हा त्यांचा धर्मच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, म्हणजे रामसर यादीत, स्थान मिळाले. तुम्ही सहलीला तिथे जाल तेव्हा आठवण म्हणून दगड उचलून आणू नका. साक्षीदाराला कोणी पळवून नेते का?

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे सगळे ठीक आहे. पण आकाशातून दगड पडून माणसे मरू शकतात. मग लोक घाबरले तर त्यांचे काय चुकले?"

प्रश्न योग्य आहे. भीती अगदीच खोटी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला आणि त्या काळात डायनासोर नाहीसे झाले. दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांत पायाखाली जो काळा दगड आहे, तो ज्या लाव्हापासून झाला, तो लाव्हाही त्याच काळाच्या आसपास वाहत होता. त्या विनाशात लघुग्रहाचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून चर्चा करतात. अगदी अलीकडची गोष्ट हवी असेल तर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर आकाराचा दगड हवेतच फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. ती कशाने? बहुतेकांना खिडक्यांच्या काचा लागल्या. आकाशात लख्ख उजेड दिसला म्हणून लोक काय झाले ते पाहायला खिडकीशी धावले. हवेचा धक्का मागाहून आला आणि काचा फुटल्या. हे ज्यांना ठाऊक असते ते खिडकीपासून दूर गेले असते. म्हणून सांगतो, असा डोळे दिपवणारा उजेड कधी दिसला तर आधी काचांपासून दूर व्हा. भीतीने जीव वाचत नाही, माहितीने वाचतो.

माणसाने आता या बाबतीत बरीच तयारी केली आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने 'डार्ट' नावाचे यान डायमॉर्फस नावाच्या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. त्याला एका फेरीला जो वेळ लागत असे तो सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. म्हणजे माणूस लघुग्रहाची वाट थोडी बदलू शकतो, हे सिद्ध झाले. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाची तर मोठी चर्चा झाली. २०३२ साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये शंभरात तीन इतकी सांगितली गेली. लगेच मोबाइलवर जगबुडीच्या बातम्या फिरू लागल्या. दुर्बिणींनी आणखी मोजमाप केले तेव्हा, त्याच महिन्यात, ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. जगबुडीची बातमी ज्यांनी पुढे पाठवली, त्यांतल्या किती जणांनी ही दुसरी बातमीही पाठवली असेल?

धूमकेतूंच्या नावानेही पुष्कळ भीती घातली गेली. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्याच्या शेपटीतल्या विषारी वायूने माणसे मरतील अशी आवई उठली. त्या भीतीवर काही देशांत औषधाच्या गोळ्या विकून लोकांनी पैसे केले. धूमकेतू आला तसा गेला, कोणाला काही झाले नाही. खरे तर याच धूमकेतूने माणसाला निर्भय केले आहे. एडमंड हॅले याने जुन्या नोंदी तपासल्या आणि हा धूमकेतू सुमारे शहात्तर वर्षांनी परत येतो हे १७०५ साली सांगितले. हॅले वारला, पण त्याने सांगितल्याप्रमाणे १७५८ साली धूमकेतू दिसला. जुन्या काळी कोणीतरी तारीख आणि जागा नीट लिहून ठेवली होती, म्हणून हॅलेला हे कळले. १९८६ साली तो येऊन गेला. आता २०६१ साली येईल. तो तुम्ही तुमच्या नातवंडांना दाखवाल!

आता मी तुमच्याकडे एक मागणी करतो. आपल्या जिल्ह्यात रात्री शेतात जागलीला जाणारी माणसे खूप आहेत. रानडुकरांपासून पीक राखायला कोणाचे अब्बा जातात, कोणाचे काका जातात. मोठ्या शहरांत दिव्यांच्या उजेडामुळे तारे दिसत नाहीत. आपल्या खेड्यांत अजून दिसतात. ही आपली दौलत आहे. डिसेंबरच्या १३ आणि १४ तारखेच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने पुष्कळ उल्का येतात. तेव्हा आकाश स्वच्छ असते. चांदणे नसेल तर फारच छान. एक वही घ्या. तारीख, वेळ, जागा, दिशा आणि मोजलेले सेकंद लिहा. एखादी मोठी उल्का दिसली आणि आर्णी, घाटंजी आणि वणी अशा तीन ठिकाणच्या मुलांनी तिची दिशा नीट लिहून ठेवली, तर ती कोणत्या वाटेने गेली हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. मुलांच्या नोंदीला कोण विचारतो, असे मनात आणू नका. २०२० साली सुरत शहरातल्या दोन शाळकरी मुलींनी दुर्बिणीची छायाचित्रे तपासून एक नवा लघुग्रह हुडकला होता.

समजा, एखादा दगडच सापडला. काळा दगड म्हणजे अशनी नव्हे. आपल्या जिल्ह्यात काळ्या दगडाला काय तोटा? नुकत्याच पडलेल्या अशनीवर बहुधा काळी, पातळ, जळकी साल असते आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. तो धुऊ नका, हातोड्याने फोडू नका, चुंबकही लावू नका. चुंबक लावल्याने त्यातली मूळची चुंबकीय खूण पुसली जाते. स्वच्छ कागदात गुंडाळा, जागेची खूण ठेवा आणि गुरुजींना, तहसील कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात कळवा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय नागपूरलाच आहे.

यावर कोणी म्हणेल, "गरिबाच्या शेतात दगड पडला. लोक म्हणतात त्याला पैसे मिळतात. मग त्याने तो फुकट का द्यावा?" मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. ज्याने दगड दिला त्याला पावती मिळाली पाहिजे. त्याचे नाव नोंदले गेले पाहिजे. दगडातून काय कळले हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. शक्य असेल तर दगडाचा लहानसा तुकडा गावच्या शाळेत ठेवला पाहिजे. सरकारने एवढे केले तर दगड लपवावा असे फारसे कोणाला वाटणार नाही. मान आणि विश्वास दिला की माणूस खरे सांगतो. कोणी अशा दगडाला शेंदूर लावतो, कोणी त्याचा तुकडा ताविजात घालतो. अशा माणसांना हसू नका. आकाशातून आलेली वस्तू पाहून आदर वाटणारच. फक्त त्यांना सांगा की त्या दगडाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्याला बोलू द्या.

शेवटी एक तारीख लिहून ठेवा. १४ एप्रिल २०२९. त्या दिवशी पहाटे, भारतीय वेळेनुसार, अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटर अंतरावरून जाईल. तो तीनशे मीटरहून मोठा आहे. तो आदळणार नाही. पुढची निदान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही, हे मोजून सांगितलेले आहे. तरीही त्या दिवसांत तुमच्या गावात कोणीतरी येईल आणि म्हणेल, "आता जग बुडणार!" तोवर तुमच्यापैकी बरेच जण मोठे झालेले असतील. घाबरलेली लहान मुले तुमच्याकडे पाहतील. तेव्हा चाँदच्या संध्याकाळी वडीलधारी माणसे विचारतात तेच तुम्ही शांतपणे विचारा, "कोणी पाहिले? कोणी मोजले? तुम्ही स्वतः पाहिले का?"